हवालदार कसा होतो, हे आपल्यात कुणी सांगेल का?

पंधरा ऑगस्ट आला की आपल्या मोहल्ल्यांतल्या कार्यक्रमांत एक यादी वाचली जाते. ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान, वीर अब्दुल हमीद, कारगिलचे कॅप्टन हनीफुद्दीन. सीमेवर काही घडलं की हीच यादी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागते. टीव्हीवरच्या चर्चेत कुणी आपल्या देशभक्तीचा हिशेब मागितला की आपला नुमाइंदा घाम पुसत हीच नावं सांगतो. ही माणसं मोठीच होती, त्याबद्दल वाद नाही. माझं भांडण यादी वाचून खाली बसणाऱ्यांशी आहे.

देशासाठी मेलेला मुसलमान आपल्याला तोंडपाठ आहे. आज फौजेत असलेला, नाईक व्हायचं म्हणून ड्युटी संपल्यावर बराकीत वही उघडून बसणारा मुसलमान शिपाई मात्र आपल्या हिशेबातच नाही. त्याची परीक्षा काय असते, तो कुठे अडतो, त्याला काय लागतं, हे ना तकरीर करणाऱ्याला माहीत असतं, ना सत्कार समितीला, ना त्याच्या घरच्यांना.

अब्दुल हमीद यांचंच घ्या. त्यांच्या नावाआधी एक हुद्दा येतो : कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार. भाषणात तो गाळला जातो, कारण तो लांबलचक आहे आणि टाळ्या मिळवून देत नाही. गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचा, शिवणकाम करणाऱ्या घरातला हा मुलगा डिसेंबर १९५४मध्ये ग्रेनेडियर्समध्ये साधा जवान म्हणून भरती झाला. १० सप्टेंबर १९६५ला खेमकरणच्या आघाडीवर तो शहीद झाला. आपण फक्त शेवटचे दोन-तीन दिवस सांगतो. मधली जवळपास अकरा वर्षं कुणी सांगत नाही. त्या वर्षांत तो रिकॉइललेस तोफेवर तयार झाला, पलटणीतल्या उत्तम निशाणेबाजांत गणला गेला आणि एकेक फीत चढवत हवालदार झाला. रणगाड्यांसमोर जीप उभी करून गोळा डागायचं धाडस त्या दिवसाचं होतं, पण हात त्या अकरा वर्षांनी तयार केला होता.

मी तालुक्याच्या गावात भूगोल शिकवतो. आमच्याकडून दरवर्षी काही मुलं भरतीला जातात, त्यांत आपलीही असतात. निवड झाली की मिरवणूक निघते, हार पडतात, बॅनरवर फोटो लागतो. त्यानंतर समाजाच्या लेखी विषय संपतो. मुलाच्या लेखी तो तेव्हा सुरू झालेला असतो. सुट्टीवर आलेले काही जण संध्याकाळी माझ्याकडे नकाशा शिकायला येतात, म्हणून हे मला जवळून दिसतं.

फौजेतली शिडी अशी आहे : शिपाई, नाईक, हवालदार, मग नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर. मधे लान्स नाईकची एक फीत येते. सातव्या वेतन आयोगात शिपायाचं मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होतं, नाईकचं २५,५००, हवालदाराचं २९,२०० आणि नायब सुभेदाराचं ३५,४०० पासून. कुणी म्हणेल, हुद्दा न मिळताही ८, १६ आणि २४ वर्षांनी पगाराची पायरी वर जातेच, मग एवढा आटापिटा कशाला? कारण हुद्द्यावर नोकरीची वर्षं ठरतात. शिपाईच राहिलेला माणूस सेवेची वीस वर्षं होण्याआधी घरी येतो. तेव्हा तो चाळिशीच्या आत-बाहेर असतो, मुलं शाळेत असतात, आणि आपला फौजी एखाद्या बँकेच्या दारात सिक्युरिटीचा गणवेश घालून उभा राहतो. नाईक-हवालदाराला त्याहून जास्त वर्षं मिळतात, सुभेदार पंचवीस वर्षांच्या पुढे जातो. पेन्शनही शेवटच्या पगारावर बेतलेली असते. म्हणजे एका फितीचा हिशेब घराला आयुष्यभर पुरतो.

दुसरी गोष्ट पैशांत मोजता येत नाही. पायदळात सेक्शन म्हणजे साधारण दहा माणसं. हवालदार तिचा कमांडर, नाईक त्याचा दुय्यम. हवालदार झालेल्या मुसलमानाच्या हुकमावर जाट, मराठा, राजपूत, गढवाली अशी कुठलीही पोरं चालतात, आणि त्याच्या चुकीची किंमतही तीच पोरं मोजतात. त्याची निष्ठा ती पोरं रोज तपासत असतात. आपल्या शंभर भाषणांनी जे पटत नाही, ते अशा एका सेक्शनमध्ये कुणी न बोलता पटलेलं असतं.

आता ही फीत मिळते कशी? जागा रिकामी असावी लागते आणि ज्येष्ठता पाहिली जाते. शिवाय वार्षिक गोपनीय अहवाल चांगले लागतात, वैद्यकीय श्रेणी ठीक लागते, शिक्षेची नोंद नको असते. आणि प्रमोशन कॅडर पास व्हावं लागतं. त्यात धावणं आणि फायरिंग असतं, ड्रिलचे हुकूम मोकळ्या आवाजात द्यावे लागतात, हत्याराचा धडा स्क्वाडसमोर उभं राहून शिकवून दाखवावा लागतो, सेक्शन हल्ल्याला कशी न्यायची ते सांगावं लागतं. आणि असतो नकाशा.

आमची मुलं धावण्यात कधी मागे पडत नाहीत. ती अडतात ती नकाशापाशी आणि उभं राहून बोलण्यापाशी. एक ते पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, सहा आकडी ग्रिड संदर्भ दिला की शंभर मीटरपर्यंत जागा नेमकी होते, उत्तर दिशा तीन प्रकारची असते, खरी, ग्रिडची आणि चुंबकीय, बेअरिंग ६५ अंश असेल तर उलट बेअरिंग २४५. यात अवघड काही नाही. समोच्च रेषा तर सातवीच्या भूगोलात येतात. पण आपल्या कितीतरी शाळांत, मराठी असोत की उर्दू, तो धडा 'घरी वाचून या' म्हणून सोडून दिला जातो. पाठांतर आपल्या मुलांना जमतं. ज्या कौमेत दहा-बारा वर्षांची पोरं कुरआन हिफ्ज करतात, तिला पाठांतराची भीती नाही. पण नकाशा पाठ करता येत नाही, तो जमिनीशी जुळवावा लागतो. आणि तो दुसऱ्याला समजावून सांगायचा तर हिंदी नीट यावी लागते. आमच्या मुलाची हिंदी म्हणजे घरची दखनी आणि शाळेची मराठी यांची खिचडी. मित्रांत ती गोड वाटते, पण परीक्षकासमोर त्याच भीतीनं आवाज खाली जातो.

हे सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे. म्हणूनच चीड येते. आपल्या पुढाऱ्यांना दुरुस्त होण्यासारखे प्रश्न आवडत नाहीत. त्यांना कायमचे प्रश्न हवे असतात.

इथे दोन आवाज उठतील, ते मला ठाऊक आहेत. पहिला म्हणेल, 'आपल्याला वर येऊ देतात कुठे?' सैन्यात मुसलमान किती, हा आकडा २००६च्या सच्चर समितीच्या अहवालातही नाही. आकडा जाहीर व्हावा, भरतीचा आणि हुद्द्यांचाही, अशी मागणी जरूर करा, मी सही करतो. सरकारनं आकडे झाकून ठेवायचे आणि वर आमच्या निष्ठेची चर्चा करायची, हे न्यायाचं नाही. पण आकडा नाही म्हणून अन्याय गृहीत धरायचा आणि अन्याय गृहीत धरला म्हणून अभ्यास सोडायचा, ही कुठली अक्कल? कुणावर खरोखर अन्याय झाला, तर रस्ते आहेत. १९५०च्या आर्मी अ‍ॅक्टचं कलम २६ जवानाला तक्रारीचा हक्क देतं. २००७च्या कायद्यानं सशस्त्र दल न्यायाधिकरण उभं राहिलं, त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. आपल्यातल्या किती वकिलांनी तिथे एखाद्या जवानाचं प्रकरण चालवलंय? चौकातल्या कट्ट्यावर 'येऊ देत नाहीत' म्हणणं फुकट असतं. त्याची किंमत सतरा-अठरा वर्षांचा तो पोरगा चुकवतो, जो ते ऐकून वही मिटून ठेवतो.

याच आवाजाचा धाकटा भाऊ म्हणजे दाढीचा वाद. हवाई दलातल्या जवानाला धर्माच्या आधारे दाढी ठेवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १५ डिसेंबर २०१६च्या निकालात सांगितलं. त्या निकालावर मतभेद असू शकतात, माझेही आहेत. पण नियम काय आहे हे सही करण्याआधी माहीत करून घ्यावं, आणि ज्याला ते मंजूर नाही त्यानं दुसरी वाट धरावी. ज्यानं वर्दी निवडली, त्याला सुट्टीत मशिदीच्या पायरीवर अडवून हनुवटीवरून टोमणे मारण्याचा अधिकार कुणाला दिला? पलटणीत त्याची नमाज कुणी अडवत नाही. जिथे मुस्लिम जवान पुरेशा संख्येनं आहेत तिथे मौलवीही असतो, आणि तो थेट नायब सुभेदार म्हणून भरती होतो. म्हणजे आपल्या मदरशात शिकलेल्या माणसालाही फौजेत कनिष्ठ आयुक्त अधिकाऱ्याचा मान आहे. हे किती जणांना माहीत आहे?

दुसरा आवाज बाहेरचा आहे. हे पान वाचणारे बिगरमुस्लिम मित्रही आहेत, त्यांना सांगतो. 'आम्हाला अब्दुल हमीद हवेत' असं तुम्ही म्हणता, त्याचा अर्थ कधी तपासलाय? मेलेल्या मुसलमानाला सलाम करणं सोपं आहे, तो घर भाड्यानं मागायला येत नाही. जिवंत हवालदार निवृत्त होऊन तुमच्या सोसायटीत फ्लॅट बघायला आला, तेव्हा त्याला काय उत्तर मिळतं, तेही कधी सांगा.

आणि घरच्यांना काय म्हणू? बहिणीच्या लग्नासाठी 'चार दिवस जास्त थांब, साहेबाला सांग तब्येत बिघडली' असं सांगणारे घरचेच असतात. सुट्टी संपूनही हजर न होणं हा आर्मी अ‍ॅक्टच्या कलम ३९ खाली गुन्हा आहे. शिक्षा झाली की नोंद राहते, आणि बढतीच्या वेळी ती नोंद समोर येते. लग्नाचं जेवण लोक विसरतात, नोंद पुसली जात नाही. कॅडर चालू असताना रोज फोन करून घराच्या स्लॅबचं, भावाच्या कर्जाचं, शेजाऱ्याच्या भांडणाचं रडगाणं ऐकवणारेही घरचेच. ते दोन-तीन महिने त्याला मोकळं सोडा. भांडणं नंतरही असतील.

अग्निपथ योजनेनं तर वेळही कमी केलाय. जून २०२२मध्ये ती जाहीर झाली : चार वर्षं नोकरी, पेन्शन नाही, आणि त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम. ही योजना मला पटत नाही. पोराच्या आयुष्यातली चार वर्षं घ्यायची आणि चारपैकी तिघांना परत पाठवायचं, हा सौदा गरिबाच्या घराला महाग पडतो. पण आज भरती होणाऱ्याला हीच वाट आहे. पहिल्या तुकड्या २०२३च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेल्या, त्यांची चार वर्षं २०२६ संपता संपता भरतात. पूर्वी नाईक होण्याची तयारी करायला काही वर्षं हाताशी असत. आता पहिल्या दिवसापासूनची कामगिरी मोजली जाते. भरतीच्या मिरवणुकीतल्या चार पोरांपैकी कोण राहणार, हे आपण त्यांच्या हाती काय देऊन पाठवतो यावरही ठरणार आहे. आपण हार देतोय.

आपल्या आडनावांकडे पाहा. जमादार, सुभेदार, हवालदार, फौजदार, नाईकवडी. कोल्हापूर-सांगलीपासून मराठवाड्यापर्यंत मराठी मुसलमानांची ही आडनावं. शिवकाळात पाइकांच्या छोट्या तुकडीवर नाईक असे आणि अशा काही नाईकांवर हवालदार. इंग्रजी अमदानीत मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्या कंपन्या होत्या. फौजेतला जमादार हा हुद्दा तर १९६५मध्ये नायब सुभेदार झाला. आपल्या पूर्वजांनी हे हुद्दे काम करून मिळवले होते. आपण रेशनकार्डावर ते सांभाळून ठेवले आहेत.

मागणी मोठी नाही. मशिदीच्या वाचनालयात एका कपाटात धार्मिक पुस्तकांशेजारी आपल्या जिल्ह्याचे स्थलनिर्देशक नकाशे, एक होकायंत्र आणि हिंदी व्याकरणाचं पुस्तक ठेवा. गावातल्या निवृत्त हवालदाराला, मग तो कुठल्याही धर्माचा असो, सुट्टीत आलेल्या पोरांसाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी बोलवा. तो येईल, फौजी सहसा नाही म्हणत नाही. त्याच्यासमोर एकेका पोराला उभं करून धडा द्यायला लावा, पहिल्या वेळी तो अडखळेल, पाचव्या वेळी नाही. बारावी झालेल्या, दोन वर्षं सेवा केलेल्या जवानाला आर्मी कॅडेट कॉलेजमधून अधिकारी होता येतं, ही माहिती बॅनरवर लावा. आणि ज्याला नाईकची फीत मिळाली, त्याचा सत्कार भरती झालेल्याच्या आधी करा.

येत्या सव्वीस जानेवारीला कुणी माइकवर अब्दुल हमीद यांचं नाव घेतलं, की त्याला खाली बसण्याआधी एकच विचारा : आपल्या गावचे किती जवान आज फौजेत आहेत, आणि त्यांतल्या कुणाचं कॅडर कधी आहे? उत्तर आलं नाही, तर त्या संध्याकाळीच यादी करायला बसा. मेलेल्यांची आपल्याकडे आहे. जिवंतांची करायची आहे.