आंतरवासितेचे वर्ष आणि रुग्णाचा शब्द

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादकांचा आग्रह दरवर्षी होतो आणि दरवर्षी मी लसीकरण, बालकांचा आहार किंवा परीक्षेच्या दिवसांतील पालकांची घालमेल यांपैकी एखादा विषय त्यांच्या हाती ठेवून मोकळा होतो. या वर्षी मंडळातील तीन सभासदांची मुले आंतरवासितेत आहेत. त्यांच्याशी बोलताना मला माझे ते वर्ष आठवले आणि त्या वर्षातील एक गोष्ट, जी आजवर घराबाहेर सांगितली नव्हती, ती लिहावीशी वाटली.

आंतरवासितेला आपल्या हैदराबादेत 'हाउस सर्जनशिप' म्हणतात. नाव भारदस्त, पण हाउस सर्जनच्या वाट्याला शस्त्रक्रिया कमी आणि धावपळ फार. रक्ताचे नमुने पोहोचविणे, क्ष-किरणाच्या चिठ्ठ्या भरणे, प्राणवायूचे सिलिंडर शोधणे, केसशीट घेऊन वरिष्ठांच्या मागे फिरणे. तो विद्यार्थी राहिलेला नसतो आणि पुरता डॉक्टरही झालेला नसतो. तरीही साऱ्या उतरंडीत रुग्णाजवळ सर्वांत अधिक वेळ उभा राहतो तो हाच. या गोष्टीचे महत्त्व मला त्या वेळी कळले नव्हते.

मी १९९४ साली हाउस सर्जन होतो. नांदेड, परभणी, बीदर या भागांतून येणाऱ्या गाड्यांतून रोज काही रुग्ण काचीगुड्याला उतरत आणि सरकारी रुग्णालयांची वाट धरीत. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानाचा आणि नंतर हैदराबाद राज्याचा भाग होता. सीमा बदलल्या, रुग्णांची वाट मात्र बदलली नाही. त्यांना तेलुगू येत नसे, बायांना हिंदीही जेमतेम. मग 'तो मराठी हाउस सर्जन कुठे आहे?' अशी हाक होई. दुभाष्या म्हणून माझी नेमणूक कोणी केली नव्हती आणि ते काम कसे करावे हेही कोणी सांगितले नव्हते. मला त्याचा थोडा अभिमान होता, आणि रात्रपाळीत थोडा कंटाळाही.

अशाच एका रात्री देगलूरकडची एक बाई पाच वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आली. बरोबर दोन वर्षांची मुलगी आणि वृद्ध सासू. मुलाला आठ दिवसांपूर्वी ताप व घसादुखी झाली होती, गावी दोन इंजेक्शने झाली होती आणि ताप उतरला होता. ती सांगत होती, "आवाज गेंगाना झालाय दादा, अन् पानी पाजलं की नाकावाटं येतंय." समोर रांग लागली होती. वरिष्ठांनी विचारले, काय म्हणते? मी तेलुगूत सांगितले, "घसा दुखतो, पाणी नीट पीत नाही." टॉर्चच्या उजेडात रडणाऱ्या मुलाचा लालसर घसा दिसला. औषध लिहून दिले गेले आणि सकाळी बाह्यरुग्ण विभागात दाखवा, असे सांगितले. चौघांनी ती रात्र काचीगुडा स्थानकावर काढली.

वैद्यकीय वाचकांच्या लक्षात आलेच असेल. नाकातून परत येणारे पाणी म्हणजे टाळूचा पक्षाघात, आणि घसादुखीनंतर आठव्या दिवशी तो दिसला तर प्रथम घटसर्पाचाच विचार करायचा. इतर वाचकांसाठी सांगतो : घटसर्पाच्या जंतूंचे विष रक्तातून पसरते, मज्जातंतूंवर आणि हृदयाच्या स्नायूंवर परिणाम करते. ताप उतरलेला, घसा बरा दिसू लागलेला आणि हृदय मात्र थकत चाललेले, असा दुसरा आठवडा यात फार फसवा असतो. मुलाला अंथरुणावरून उठूही द्यायचे नसते.

सकाळी एका वयस्क सिस्टरांनी ते पकडले. त्यांना मराठी येत नव्हते. बाईने बोट नाकाकडे नेऊन, मुलाच्या पेल्याकडे दाखवून खूण केली आणि त्या तडक वरिष्ठांना घेऊन आल्या. नाडी मंद आणि अनियमित लागली. वरिष्ठांनी मला बाजूला घेऊन विचारले, "हे ती काल म्हणाली होती का?"

मी म्हणालो, "नाही सर."

बाई तिथेच, दोन हातांवर उभी होती. आम्ही तेलुगूत बोलत होतो. तिच्या तोंडचे वाक्य आदल्या रात्री मी अर्धे केले होते आणि आता ते ती बोललीच नाही असे सांगत होतो. तिला विरोध करण्याचीही सोय नव्हती. चूक प्रत्येकाकडून होते, त्या चुकीला थकव्याची सबब देता येते. या दुसऱ्या वाक्याला कोणतीही सबब नव्हती.

मुलाला नल्लकुंट्याला हलविले. येथील फीवर हॉस्पिटल, म्हणजे सर रोनाल्ड रॉस यांच्या नावाची संस्था, जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही 'कोरंटी दवाखाना'च आहे. 'क्वारंटाइन' या शब्दाचे हे हैदराबादी रूप. १९१५ साली साथीच्या रुग्णांना वेगळे ठेवण्यासाठी सुरू झालेले हे रुग्णालय पुढे नल्लकुंट्यात आले. माझे घर तिथून जवळच. लहानपणी हट्ट केला की आजी 'कोरंटीत ठेवीन हं' म्हणून धाक घालीत असे. (रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या शरीरात हिवतापाचे परजीवी शोधले, हे आपण अभिमानाने सांगतो. ज्या हुसेन खानाने चावणाऱ्या प्रत्येक डासामागे एक आणा घेऊन आपले रक्त दिले, त्याच्या नावाची एखादी खोलीही कुठे असल्याचे मी ऐकलेले नाही.)

संध्याकाळी मी वरिष्ठांकडे गेलो आणि खरे सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "टॉर्च माझ्याही हातात होता. केसशीटवर आपण दोघेही लिहू." नंतर विचारले, "मला सांगितलेस. तिला सांगितलेस का?"

दुसऱ्या दिवशी कोरंटीत जाऊन तिला सांगितले. मला वाटले होते, ती आरडाओरडा करील. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "तुमी आपल्या बोलीतले म्हनून तर तुमच्यापाशी सांगितलं, दादा." मुलगा तिसऱ्या दिवशी पहाटे गेला. हृदयाने साथ सोडली. धाकटीला एरिथ्रोमायसिन दिले, राहिलेल्या लसी टोचल्या. ती सुखरूप राहिली. प्रतिविष आठव्या दिवशी फारसे उपयोगी पडत नाही, ती रात्र वाचली असती तरी शेवट कदाचित तोच झाला असता, असे मी अनेक वर्षे स्वतःला सांगत आलो. वैद्यकीयदृष्ट्या ते चूक नाही. पण ती रात्र त्या मुलाने रुग्णालयातील खाटेवर काढायला हवी होती, स्थानकाच्या फरशीवर नव्हे. आणि बहिणीचे औषध आदल्या दिवशीच सुरू व्हायला हवे होते.

व्यावसायिक नीतिमत्ता आणि रुग्णाची बाजू मांडणे या दोन गोष्टी अलीकडे वेगवेगळ्या शिकविल्या जातात. २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला, हे स्वागतार्हच आहे. पण माझ्या अनुभवाने सांगतो, या दोन्हींची कसोटी एकाच प्रश्नात असते : जो बोलू शकत नाही त्याचा शब्द आपण पुढे नेताना जसाच्या तसा नेतो की आपल्या सोयीने? रुग्णाची बाजू मांडणे म्हणजे वरिष्ठांशी भांडणे, अशी एक समजूत तरुणांत आहे. हाउस सर्जनला भांडण्याचा अधिकार कितीसा? मात्र 'सर, ती आणखी एक गोष्ट म्हणते आहे' एवढे म्हणण्यापासून त्याला कोणी अडवीत नाही.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. त्यानंतर आपले केसपेपर जाड झाले, संमतिपत्रांवर सह्या वाढल्या. ऐकणे वाढले असे मला दिसले नाही. भीतीने कागद नीट होतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये मांडलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देण्याचा हक्क आहे. रुग्णाचे बोलणे डॉक्टरला समजेल असे पोहोचणे हीदेखील त्याचीच दुसरी बाजू नाही का? डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांच्या अभ्यासातून १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले की ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि तपासणी मात्र ८ टक्क्यांचीच कधी झाली होती. त्या स्त्रिया मुक्या नव्हत्या; त्यांना विचारणारे कोणी नव्हते.

दोष मुलांनाच द्यावा असे मला मुळीच वाटत नाही. आंतरवासितेचे वर्ष आज पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेने गिळले आहे. मुले वॉर्डात हजेरी लावून ग्रंथालयात पळतात, आणि आपणच घरी त्यांना 'वॉर्डात वेळ घालवू नकोस' असे सांगतो. मीही माझ्या पुतण्याला सांगितले होते. शिवाय जिथे ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात कामावर असलेल्या तरुण डॉक्टरची रुग्णालयातच हत्या होते, तिथे 'रुग्णाच्या बाजूने उभे राहा' हा उपदेश करण्यापूर्वी त्यांच्या बाजूने कोण उभे आहे, हेही पाहिले पाहिजे.

घटसर्प आपल्या शहरातून गेलेला नाही. पाच-सहा वर्षांच्या वयातील डी.पी.टी.चा बूस्टर आणि दहाव्या व सोळाव्या वर्षीचा टी.डी. ही नावे अजूनही अनेक पालकांना नवी वाटतात. आणि काचीगुड्याला मराठवाड्यातील गाड्या अजूनही येतात. माझ्या चिकित्सालयात मी आजही आईचे पहिले वाक्य तिच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत लिहून ठेवतो; माझे निदान त्याखाली.

आपल्या मंडळाकडे एक विनंती आहे. शहरातील सरकारी रुग्णालयांत सकाळच्या वेळी मराठी रुग्णांसाठी दुभाषी म्हणून बसू शकतील अशा सभासदांची यादी करावी. निवृत्त शिक्षक, बँकेतील मंडळी, गृहिणी, कोणीही चालेल. वैद्यकीय ज्ञान लागत नाही, वाक्य न कापता सांगण्याची सवय लागते, आणि ती एका दुपारच्या सरावाने येते. आंतरवासितेतील आपल्या मुलांनाही त्या सरावाला बोलवावे. ज्यांना आठवड्यातून एक सकाळ देता येईल त्यांनी कार्यकारिणीकडे नाव नोंदवावे. मी गुरुवारची सकाळ दिली आहे.