वस्त्रविद्येकडे पाठ का फिरवावी?

या शाळेच्या वसतिगृहातून बाहेर पडून वस्त्रतंत्रज्ञानाच्या पदवीला गेलेले आम्ही तिघे. तिघांच्या तुकड्या वेगळ्या, पण पारशिवनीला आलो की प्रश्न एकच विचारला जातो: "एवढे शिकून शेवटी कापडच विणणार का?" विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. जातीने गळ्यात बांधलेली कामे टाकून द्या, असे बाबासाहेबांनी सांगितले. पणजोबांनी माग सोडला, वडिलांनी मजुरी सोडली आणि पोर पुन्हा सुताकडे वळले, हे त्यांच्या मनाला पटत नाही. पहिल्या वर्षी हीच शंका आम्हालाही छळत होती, म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने तिच्याविषयीच लिहीत आहोत.

इंग्रजी अमदानीतील विदर्भात आपल्या समाजातील पुष्कळ घरांत हातमाग होते. गावकीच्या कामाबरोबर जाडेभरडे सुती कापड विणणे हा या घरांचा व्यवसाय होता; रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथातही त्याची नोंद आहे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. गिरण्यांच्या स्वस्त मालापुढे गावोगावचे माग हळूहळू थांबले आणि त्या मागांवरचे कितीतरी हात गिरणीच्या दारात जाऊन उभे राहिले. आपल्या समाजाचे कापडाशी असलेले नाते इतके जुने आहे. मात्र शाळेत असताना आम्हाला ते ठाऊक नव्हते, आणि महाविद्यालयातही कोणी सांगितले नाही.

दुसऱ्या वर्षातील एक तास आम्ही विसरू शकत नाही. प्रयोगशाळेत जुना लाकडी धोटा हातात देऊन शिक्षक समजावीत होते. पूर्वी कांडी बदलली की कामगार धोट्याच्या भोकाला तोंड लावी आणि श्वासाने सूत बाहेर ओढून घेई; ही पद्धत छातीला आणि दातांना घातक म्हणून पुढे सुधारित धोटे आले, असे त्यांनी सांगितले. सांगितले ते खरेच होते. पण आमच्या कानांत वसतिगृहातील १४ एप्रिलची व्याख्याने घुमत होती. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, प्रवेश नव्हता, तो याच धोट्यामुळे. त्यांच्या तोंडचा धोटा आपल्या तोंडाला लागेल, ही सवर्ण कामगारांची हरकत. साळखात्यात मजुरी अधिक मिळे. यांच्या वाट्याला कमी पगाराची कामे येत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हे दार उघडण्याची मागणी लावून धरली. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या माग चालला, त्यांनाच मागापाशी उभे राहण्याची बंदी! आमच्या पाठ्यपुस्तकात धोट्याची लांबी, वजन आणि वेग होता. ही हकिकत नव्हती. त्या दिवशी आम्ही वर्गात काही बोललो नाही. बोलायला हवे होते, असे आज वाटते.

त्या तासानंतर आमच्या मनातील शंकेचे रूप बदलले. जे काम लादले गेले आणि जे काम नाकारले गेले, त्यांत फरक आहे. जाडेभरडे विणणे आपल्याकडे ठेवले गेले; यंत्र, रसायन आणि अधिक मजुरीची जागा मात्र इतरांकडे गेली. वस्त्रतंत्रज्ञानाची पदवी घेणे म्हणजे मागे फिरणे नव्हे, नाकारलेल्या जागी जाऊन बसणे आहे, असे आमचे मत आहे.

शिकताना आनंदही पुष्कळ मिळाला. एक पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी भरतील, तितका त्याचा सूतांक, हे आम्ही तराजू आणि चक्र वापरून शिकलो. सुटीत शेजारच्या एका निवृत्त गिरणी कामगाराला हे सांगितले, तर त्यांनी आमच्या वहीतील धागा अंगठा आणि तर्जनीत चोळला व म्हणाले, "तीस नंबर." वहीतही तीसच होते. घरच्या म्हाताऱ्या बाया सुताला भाताच्या पेजेची खळ देत, असे ऐकले होते. ती का देत, ते प्रयोगशाळेत उमगले. स्टार्चचा पातळ लेप उभ्या धाग्याला फणीच्या घर्षणातून वाचवतो. वस्त्ररचनेच्या आलेखावर चौकटी भरताना तर आम्हाला विनयपिटकातील आनंद आठवला. मगधातील भातशेतीचे बांध पाहून त्याने चीवराच्या तुकड्यांची मांडणी योजली होती. आपल्याकडच्या धानाच्या बांध्या पाहिलेल्या मुलाला ती मांडणी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

पालकांपासून अडचणी लपवू नयेत. पहिली दोन सत्रे इंग्रजीने आमची दमछाक केली. नोकरीच्या आरंभी रात्रपाळी असते, यंत्रांचा आवाज कान बधिर करतो आणि सुरुवातीचा पगार संगणकाकडे गेलेल्या वर्गमित्रापेक्षा बहुधा कमी असतो. इचलकरंजी, सुरत, तिरुपूर अशा दूरच्या गावी जावे लागते. एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली. आपल्या वावरातला कापूस सरकी काढून, गाठी बांधून बाहेर जातो आणि कापड होऊन परत येतो. तरीही बुटीबोरी आणि हिंगणघाट येथे सूत-कापडाचे कारखाने आहेत, आणि अमरावतीजवळ नांदगाव पेठला केंद्राच्या योजनेतील मोठे वस्त्रोद्योग उद्यान मंजूर झाले आहे. तेथे आपली मुले तंत्रज्ञ म्हणून जातील की फक्त हमाल म्हणून, हा प्रश्न आजच विचारायला हवा.

बारावी विज्ञाननंतर नांदेडचे श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थान, मुंबईचे व्हीजेटीआय आणि इचलकरंजीचे डीकेटीई येथे हे शिक्षण मिळते. रंगाई आणि प्रक्रियेची ओढ असेल त्याने मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेकडे पाहावे. मुलींना यात पुढे जाता येत नाही, ही समजूत तर पालकांनी मनातून काढूनच टाकावी. नववी-दहावीच्या मुलांना वर्षातून एकदा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत न्यावे, अशी शाळेला आमची विनंती आहे. कापूस घरचा असला तरी त्याच्या तंतूची लांबी मोजतात, हे आमच्यापैकी एकालाही अठराव्या वर्षापर्यंत माहीत नव्हते.

धागे मोजण्याचे एक लहान घडीचे भिंग आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत आणून ठेवले आहे. ते गणवेशाच्या कापडावर ठेवायचे आणि एका इंचात उभे धागे किती, आडवे किती, ते मोजून वहीत लिहायचे.