धनादेश विजेच्या वेगाने, वसुली मात्र पायी

राजधानीतील कनिष्ठ न्यायालयांत तुंबलेल्या खटल्यांपैकी जवळजवळ निम्मे खटले न वटलेल्या धनादेशांचे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालात ही स्थिती नोंदवली. त्या महिन्याच्या प्रारंभी दिल्लीत अशी सुमारे साडेसहा लाख, तर मुंबईत एक लाख सतरा हजार प्रकरणे प्रलंबित होती. गोव्यातून आलेल्या एका प्रकरणाच्या निमित्ताने न्यायालयाने देशभरातील दंडाधिकाऱ्यांना नवी कार्यपद्धती घालून दिली. समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गानेही बजावावे, जिल्हा न्यायालयांनी क्यूआर कोड किंवा यूपीआयद्वारे पैसे भरण्याची सोय उभी करावी आणि आरोपीला ती रक्कम आरंभीच भरता येईल हे समन्समध्येच लिहावे, असे हे आदेश आहेत. त्यांचे स्वागतच करायला हवे. मात्र न्यायालयाने आपले अंगण झाडून घेतले तरी बँका, रिझर्व्ह बँक आणि केंद्रीय अर्थ मंत्रालय यांच्या अंगणाचे काय, हा प्रश्न उरतोच.

धनादेशाचा प्रवास गेल्या दोन दशकांत पार बदलला. कागदाऐवजी त्याची प्रतिमा पाठवण्याची पद्धत रिझर्व्ह बँकेने १ फेब्रुवारी २००८ रोजी दिल्ली परिसरात प्रथम सुरू केली; पुढे ती चेन्नई व मुंबईत आली आणि मग सर्व देशात पसरली. ४ ऑक्टोबर २०२५ पासून तर धनादेश दिवसभर अखंडपणे तपासून त्याच दिवशी वटवण्याची किंवा नाकारण्याची व्यवस्था लागू झाली. म्हणजे खात्यात पैसे नाहीत हे व्यापाऱ्याला आता काही तासांत कळते. ते पैसे हाती पडायला मात्र अनेक वर्षे लागतात. नकार विजेच्या वेगाने येतो आणि वसुली मात्र पायी चालते, अशी ही विसंगती आहे.

ती दूर करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यात १९८८ मध्ये नवे प्रकरण घालण्यात आले आणि १ एप्रिल १९८९ पासून धनादेश न वटणे हा कलम १३८ खाली गुन्हा ठरला. हेतू कोणाला तुरुंगात डांबण्याचा नव्हता. धनादेशाच्या कागदाला रोख रकमेसारखी पत मिळावी हा होता. म्हणूनच बँकेकडून नकार कळल्यावर तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे चुकते करण्यास पंधरा दिवस आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार अशी पायऱ्यांची रचना कायद्याने केली. २००२ च्या दुरुस्तीने शिक्षा दोन वर्षांपर्यंत वाढली आणि सहा महिन्यांत खटला निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे सांगण्यात आले. ‘इलेक्ट्रॉनिक धनादेश’ ही संज्ञाही त्याच दुरुस्तीने कायद्यात आली. कायद्याच्या पुस्तकाने काळाची पावले ओळखली होती. न्यायालयाच्या बेलिफाने आणि पोलीस ठाण्याच्या टपालाने ती ओळखली नाहीत.

यात भरडला जातो तो लहान उद्योजक. इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाने दिल्लीच्या चांदणी चौकातील व्यापाऱ्याला कापड पाठवले आणि त्याचा धनादेश परत आला, तर खटला कोठे चालावा हाच प्रश्न काही काळ त्याच्या गळ्याशी आला होता. महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०१४ रोजी ठरवले की, धनादेश देणाऱ्याची बँक जेथे असेल तेथेच तक्रार चालेल. त्यामुळे विक्रेत्याला ऋणकोच्या दारी तारखा मोजत बसण्याची पाळी आली. केंद्र सरकारने २०१५ मध्ये आधी वटहुकूम आणि मग दुरुस्ती करून हा अधिकार विक्रेत्याचे खाते असलेल्या गावाकडे परत आणला. खटला घरी आला. पण आरोपी दिल्लीतच राहिला आणि त्याच्यापर्यंत समन्स पोहोचवण्याचे ओझे तसेच राहिले.

सारे घोडे अडते ते येथेच. पत्ता बदलला आहे, दुकान बंद आहे, इसम गावी गेला आहे, असे शेरे मारून समन्स परत येतात आणि प्रत्येक शेऱ्यामागे काही महिने सरतात. ३१ डिसेंबर २०१९ रोजी देशातील २ कोटी ३१ लाख प्रलंबित फौजदारी खटल्यांपैकी ३५ लाख १६ हजार खटले याच कलमाखालचे होते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्वतःहून दखल घेतली तेव्हा समन्स न बजावले जाणे हेच दिरंगाईचे मोठे कारण पुढे आले. बँकांनी खातेदाराची माहिती तक्रारदाराला व पोलिसांना पुरवावी आणि समन्ससाठी इलेक्ट्रॉनिक सेवा देणारी मध्यवर्ती यंत्रणा उभारावी, या सूचनांचा विचार तेव्हाच झाला होता. सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती आर. सी. चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. त्यानंतर महाराष्ट्र व दिल्लीसह पाच राज्यांत निवृत्त न्यायाधिकाऱ्यांची विशेष न्यायालये प्रायोगिक तत्त्वावर सुरू करण्याचे आदेश २०२२ मध्ये निघाले. एवढे होऊनही २०२५ मध्ये दिल्लीचा आकडा साडेसहा लाखांवर असावा, यातच सारे आले.

दरम्यान संसदेने आणखी एक वाट काढली. १ सप्टेंबर २०१८ पासून खटला चालू असतानाच धनादेशाच्या वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देवविण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. तो स्वेच्छाधिकार आहे, सक्ती नव्हे, असा खुलासा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये केला. तो न्याय्यच आहे. बचाव न ऐकता पैसे वसूल करणे कायद्याच्या राज्यात बसत नाही. पण आरोपी न्यायालयात हजरच झाला नाही, तर या अधिकाराचा उपयोग तो काय?

केरळमधील कोल्लम येथे याच खटल्यांसाठी नोव्हेंबर २०२४ पासून चोवीस तास खुले असलेले डिजिटल न्यायालय काम करू लागले. तेथे तक्रार दाखल करण्यापासून सुनावणीपर्यंतचा व्यवहार संगणकावर होतो. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही इलेक्ट्रॉनिक समन्स व सुनावणीला मान्यता दिली आहे. तेव्हा साधने नाहीत, ही सबब आता चालणार नाही.

अमेरिकेत निधीअभावी परत आलेला अडीच हजार डॉलरहून कमी रकमेचा धनादेश बँका इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या रूपाने पुन्हा सादर करतात. मूळ सादरीकरण धरून तीनदा तो खात्यावर जाऊ शकतो. पुष्कळसे पैसे न्यायालयाची पायरी न चढता वसूल व्हावेत, हा त्यामागचा विचार. भारतातही धनादेश मुदतीत पुन्हा सादर करता येतो आणि नंतरच्या नकारावरही खटला भरता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले. परंतु धनादेशाची मुदत त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली आहे आणि पुन्हा सादर करायचा की नाही हा निर्णय सर्वस्वी अंदाजाने घ्यावा लागतो. खात्यात पैसे आले की सूचना मिळून धनादेश आपोआप पुन्हा सादर व्हावा, अशी संमतीवर आधारलेली सोय बँकांना अशक्य नाही.

मात्र वेगाच्या नादात दुसरी बाजू विसरता कामा नये. या कलमाचा आधार केवळ लहान विक्रेताच घेतो असे नाही. मोठ्या वित्तसंस्था कर्ज देतानाच कोऱ्या धनादेशांवर सह्या घेतात आणि हप्ता चुकला की ते भरून न्यायालयात धाव घेतात. खात्यातून आपोआप हप्ता वळता करण्याचा आदेश निष्फळ ठरणे, हाही २००७ च्या देयक व निपटारा प्रणाली कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हा आहे. नोकरी गेलेला कर्जदार आणि माल उचलून खाते रिकामे करणारा व्यापारी या दोघांना यंत्र एकाच मापाने मोजते. तो फरक न्यायाधीशानेच करायचा असतो. म्हणून इलेक्ट्रॉनिक वसुली न्यायालयाच्या हुकमाखालीच व्हायला हवी.

राजकीय इच्छाशक्तीची कसोटीही येथेच लागते. जून २०२० मध्ये अर्थ मंत्रालयाने हे कलम फौजदारी कक्षेतून वगळण्याचा प्रस्ताव मांडला होता. व्यापारी संघटनांनी विरोध केला आणि कलम कायम राहिले. परंतु गुन्हा ठेवायचा तर तो चालवण्याची यंत्रणा देणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. केंद्रीय कायद्यांच्या अंमलबजावणीसाठी अतिरिक्त न्यायालये स्थापण्याचा अधिकार संविधानाच्या कलम २४७ ने संसदेला दिला आहे. त्याकडे न्यायालयाने २०२१ मध्ये लक्ष वेधले होते.

आता करायचे ते फार नाही. नकाराचा मेमो निघताच त्याची इलेक्ट्रॉनिक प्रत तक्रारीला जोडता यावी. खातेदाराचा बँकेकडील ताजा पत्ता व भ्रमणध्वनी क्रमांक न्यायालयाच्या मागणीवरून थेट समन्सवर यावा. हजर होण्याची वारंवार संधी देऊनही जो फिरकत नाही, त्याच्या खात्यात धनादेशापुरती रक्कम न्यायालयाच्या आदेशाने गोठवता यावी. या तिन्ही गोष्टी रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक आणि उच्च न्यायालयांचे नियम यांच्या मेळातून साधता येतील. जेथे कायदा अपुरा पडेल तेथे संसदेने तो पुरा करावा. यूपीआयच्या युगात धनादेश कालबाह्य झाला, असे म्हणणाऱ्यांनी साडेसहा लाख खटल्यांकडे पाहावे. उधारीवर चालणारा व्यापार अजूनही त्या सहीवर विश्वास टाकतो. त्या विश्वासाची राखण करण्याचे वचन राज्यसंस्थेने १९८९ मध्ये दिले होते. ते अजून वटलेले नाही.