रक्तदानाला बक्षीस कशाला?

डिसेंबर 2020 मध्ये मुंबईत रक्ताचा तुटवडा भासत असता प्रभादेवी भागातील एका शिबिराची जाहिरात गाजली. रक्तदात्यास एक किलो कोंबडी आणि शाकाहारी असल्यास पनीर, असे ते आश्वासन होते. चार दिवस थट्टा झाली आणि विषय मिटला. परंतु पुढाऱ्यांच्या वाढदिवशी भेटवस्तूंचे आमिष दाखवून शिबिरे भरविण्याची प्रथा काही मिटलेली नाही. दानाला बक्षीस लावणे नीतीला धरून आहे काय, हा प्रश्न म्हणूनच थट्टेवारी नेण्याजोगा नाही.

रक्ताचा बाजार या देशाने पाहिला आहे. पोटासाठी रक्त विकणाऱ्या धंदेवाईक दात्यांवर रक्तपेढ्या चालत असत. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली 'कॉमन कॉज' खटल्यात दिलेल्या निकालानुसार 1 जानेवारी 1998 पासून ही पद्धत बंद झाली. जागतिक आरोग्य परिषदेने 1975 सालीच स्वेच्छेच्या, विनामोबदला रक्तदानाचा पुरस्कार केला होता. आणि त्याआधी 1970 मध्ये रिचर्ड टिटमस या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने ब्रिटन व अमेरिका यांची तुलना करून, विकतचे रक्त अधिक धोक्याचे ठरते, असे प्रतिपादन केले होते.

याचे कारण साधे आहे. एचआयव्ही, कावीळ 'ब' व 'क', गुप्तरोग आणि हिवताप यांसाठी रक्ताची तपासणी होते खरी; पण लागण नुकतीच झाली असेल तर ती तपासणीत सापडेलच असे नाही. त्या अवधीत रुग्णाचे रक्षण करतो तो दात्याचा खरेपणा. जो बक्षिसासाठी आला, त्याला आजार लपविण्याचे आणि पुरुषांसाठी ठरलेले तीन महिन्यांचे अंतर न पाळण्याचे कारण आपणच पुरवितो. नोटेच्या जागी वस्तू आली म्हणून सौद्याचे दान होत नाही.

याला प्रतिवाद आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. 2013 साली 'सायन्स' या नियतकालिकात तिघा अर्थशास्त्रज्ञांनी असे दाखविले की, भेटींमुळे रक्तदान बहुधा वाढते आणि रक्ताच्या सुरक्षिततेस सहसा बाध येत नाही. परंतु ज्याचे पोट भरलेले आहे त्याला भेट ही गंमत असते. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्याला तीच भेट नाकारता येत नाही. जिथे नकार देण्याची मुभा नाही, तिथे स्वेच्छा कुठली? विषमतेने ग्रासलेल्या समाजात बक्षिसाचा भार नेहमी दुबळ्याच्याच शरीरावर पडतो.

म्हणून दात्याला काहीच देऊ नये, असा याचा अर्थ नव्हे. दात्याची झीज भरून काढणे वेगळे आणि त्याला लालूच दाखविणे वेगळे. चहा-बिस्किटे, जाण्यायेण्याची सोय, कामगाराला रक्तदानासाठी भरपगारी सुट्टी, या गोष्टी दानाच्या वाटेतील अडसर दूर करतात. दानाची किंमत ठरवीत नाहीत. अशा सुट्टीची मागणी कामगार संघटनांनी अवश्य लावून धरावी.

शिबिरांचा हेतूही तपासावयास हवा. साठविलेले रक्त पाच-सहा आठवडेच टिकते, त्यातील बिंबिका तर जेमतेम पाच दिवस. वाढदिवसाच्या झगमगाटात एकाच दिवशी शेकडो पिशव्या गोळा करावयाच्या आणि मे महिन्यात रुग्णाच्या नातेवाइकांनी दारोदार फिरावयाचे, हा समाजसेवेचा नव्हे, प्रसिद्धीचा हिशेब आहे. कार्यकर्त्यांनी याच्या नेमके उलट करावे. रक्तपेढीला विचारून तारीख ठरवावी, टंचाईच्या महिन्यांत शिबिरे घ्यावीत, फलकावर पुढाऱ्याची छबी नसावी आणि दात्यांची यादी वर्षभर सांभाळावी. गर्दी कदाचित कमी होईल. पण जो येईल तो अनोळखी माणसाचे आपल्यावर काही देणे आहे, या जाणिवेने येईल. ती जाणीव वाढविणे हेच खरे काम होय, आणि ते कोंबडी वाटून होत नाही.