समुद्राच्या अभ्यासात आपली मुलेही हवीत

दाभोशाच्या कड्यावरून कोसळणारे पाणी शेवटी अरबी समुद्रालाच मिळते. मात्र त्या पाण्याच्या सोबतीने वाढलेली आपली मुले समुद्राच्या अभ्यासापर्यंत क्वचितच पोहोचतात. शाळेच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय माजी विद्यार्थी, पालक व समाजबांधव यांच्यापुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते.

जव्हार-मोखाड्यातील कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर मजुरीसाठी किनाऱ्याकडील तालुक्यांत व वीटभट्ट्यांवर जातात. किनारा आपल्याला अपरिचित नाही. परंतु तेथे आपण मजूर म्हणून जातो, अभ्यासक म्हणून नाही. हे बदलावयास हवे.

समुद्री जीवांचे संशोधन म्हणजे केवळ खोल पाण्यात बुडी मारणे नव्हे. कोकणच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे रात्री वाळूत अंडी घालून परततात. पहाटे त्यांचा माग ओळखणे, घरटे शोधणे, अंडी सुरक्षित जागी हलविणे आणि वाळूचे तापमान नोंदविणे, हेही संशोधनच आहे. कारण पिल्लू नर होणार की मादी, हे त्या तापमानावर ठरते. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साथीने हे काम उभे केले. जानेवारी २०२२ मध्ये तेथेच ‘प्रथमा’ नावाच्या कासवावर उपग्रह ट्रान्समीटर बसविण्यात आला. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना आढळली. पट्टीवरील क्रमांक कोणीतरी काळजीपूर्वक वाचला, म्हणूनच पूर्व व पश्चिम किनाऱ्यांमधील हा संबंध उघड झाला. आपल्याच जिल्ह्यात, डहाणूला, जखमी समुद्री कासवांवर उपचार करणारे केंद्र आहे. खेकड्याचे बीळ आणि पावसाची चाहूल ओळखणारी आपली मुले अशा कामात मागे पडण्याचे कारण नाही.

अडचण आहे ती पैशाची. नव्या शैक्षणिक धोरणाने इंटर्नशिपला पदवीच्या श्रेयांकांत स्थान दिले; परंतु यातील अनेक संधी बिनपगारी असतात. प्रवास, निवास, जेवण, पोहण्याचे प्रशिक्षण हा सारा खर्च विद्यार्थ्यानेच करावा, अशी अपेक्षा असते. आमच्या एका माजी विद्यार्थिनीची अशा कामासाठी निवड झाली होती. दोन महिन्यांचा खर्च स्वतः करावयाचा होता आणि त्याच दोन महिन्यांच्या तिच्या मजुरीवर घर अवलंबून होते. ती गेली नाही. अशा वेळी निवड गुणवत्तेची होते की ऐपतीची, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आधी नोकरी, मग कासवे, असे काही पालक म्हणतील. त्यांची काळजी रास्त आहे. म्हणूनच या कामाला विद्यावेतन हवे, हा आमचा आग्रह आहे. १९१३ साली सयाजीराव महाराजांची दरमहा ११.५ पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांची बुद्धी असामान्य होतीच. तरीही त्या बुद्धीला बोटीचे भाडे आणि दोन वेळचे जेवण लागलेच.

तथागतांनी धम्माला महासागराची उपमा दिली आहे. नद्या समुद्रास मिळताच आपली नावे सोडतात, तसे संघात प्रवेश करताच वर्णाचे भेद गळून पडतात. आणि समुद्राचा तळ जसा क्रमाक्रमाने खोल होतो, तसे धम्मातील शिक्षणही पायरीपायरीने होते. विद्येच्या क्षेत्रालाही हाच नियम लागू व्हावा.

त्यासाठी तीन गोष्टी आपल्या हाती आहेत. शाळेने आठवीपासून प्रत्येक मुलाच्या हाती निसर्गनोंदींची वही द्यावी. किनाऱ्यालगत राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी अशा मुलांना दोन महिने आपल्या घरी ठेवून घ्यावे. आणि माजी विद्यार्थी संघाने दरवर्षी किमान दोघांच्या विद्यावेतनाची जबाबदारी स्वीकारावी. त्यांपैकी एक मुलगी असावी. सुरुवात येत्या वर्षापासूनच व्हावी, अशी आमची विनंती आहे.