स्वादुपिंडाचा उरलेला मुलूख

संपादक महाशय यांस,

मधुमेह हा केवळ रक्तातील साखरेचा मामला असून पोट बिघडल्यास तो पथ्य मोडल्याचाच दाखला समजावा, हा आपल्या गतांकातील लातूरच्या पत्रलेखकांचा निवाडा मला एकतर्फी वाटतो. लँगरहॅन्सने १८६९ साली वर्णिलेली, इन्सुलिन स्रवणारी पेशीद्वीपे स्वादुपिंडाचा शेकडा एक-दोन हिस्साच व्यापतात. उरलेला बहुतेक मुलूख पाचकरसाचा आहे, आणि द्वीपांतून निघणारे रक्त याच मुलखातून वाहत तेथील पेशींना इन्सुलिन पोहोचवीत असल्याने, तो पुरवठा आटला की त्या पेशीही कृश होऊ शकतात.

लातूरलाच राहणाऱ्या माझ्या थोरल्या मेहुण्यांची साखर काबूत होती, तरी सदरा खांद्यावरून उतरू लागला. वरणावर तुपाची धार पडली की दुसऱ्या दिवशी शौचाच्या पाण्यावर तेलकट तवंग दिसे. घरच्यांनी (कबूल करतो, मीही) चोरून खाल्ल्याचा आळ घेतला. पुढे नांदेडच्या डॉक्टरांनी मलातील इलास्टेज हे विकर तपासविले, ते फार कमी निघाले. जेवणाच्या पहिल्या घासासोबत विकरांच्या कॅप्सूल सुरू झाल्या आणि वजन सावरले.

प्रत्येक मधुमेह्याच्या पोटाची तक्रार याच सदरात पडते असे नव्हे. मेटफॉर्मिनच्या गोळीनेही जुलाब होतात. पण तपासणीआधीच रोग्याला गुन्हेगार ठरविण्याचा अधिकार पत्रलेखकांना कोणी दिला?

आपला,
एक सेवानिवृत्त अव्वल कारकून,
वजिराबाद, नांदेड