‘सैराट’चा दुसरा भाग नक्की कोणाला हवा आहे?

एखादा चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला की त्याच्या नावापुढे ‘दोन’ हा आकडा कधी लागणार, याची विचारणा हल्ली प्रदर्शनाच्या पहिल्या आठवड्यातच सुरू होते. ‘सैराट’ही त्याला अपवाद ठरला नाही. २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झालेल्या आणि शंभर कोटींच्या उत्पन्नाचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट ठरलेल्या ‘सैराट’चा दुसरा भाग यावा, अशी मागणी तेव्हापासून अधूनमधून डोके वर काढत असते. वास्तविक आर्ची आणि परशा हे दोघेही चित्रपटाच्या शेवटी मारले जातात. ज्या कथेचे नायक-नायिकाच उरलेले नाहीत, तिचा पुढचा भाग प्रेक्षक कशासाठी मागतो? या प्रश्नाचा शोध घेऊ लागले की मराठी प्रेक्षकाच्या आवडीनिवडीपलीकडचेही बरेच काही हाती लागते.

दिग्दर्शक नागराज मंजुळे हे पुणे-सोलापूर लोहमार्गावरील जेऊरचे. करमाळा तालुक्यातील या गावाने आणि त्याच्या परिसराने ‘सैराट’ला बोली दिली, उसाचे फड आणि केळीच्या बागा दिल्या, पाटील आणि मच्छीमार यांच्या घरांमधले न ओलांडता येणारे अंतरही दिले. नायिका रिंकू राजगुरू याच जिल्ह्यातल्या अकलूजची. चित्रपट गाजल्यानंतर करमाळ्याची शहाण्णव पायऱ्यांची विहीर पाहायला दूरदूरचे लोक येऊ लागले. आजवर पुण्या-मुंबईतून गावाकडे पाहणारा कॅमेरा या वेळी गावातच उभा होता, आणि प्रेक्षकांनी दिलेल्या प्रेमाचे ते एक मोठे कारण होते. पुढच्या भागाच्या मागणीमागेही हे प्रेमच आहे, याविषयी शंका नाही. प्रश्न आहे तो या प्रेमाला नेमके काय हवे आहे, हा.

चाहत्यांचे तीन सूर

चाहत्यांच्या बोलण्यातून ढोबळमानाने तीन सूर ऐकू येतात. पहिला सुडाचा. रक्ताने माखलेली इवलीशी पावले उमटवत निघून जाणारे ते मूल मोठे होईल, बिटरगावला परतेल आणि मामाला व आजोबाला जाब विचारेल, अशी ही कल्पना. हिंदी चित्रपटाने अनेक दशके जोपासलेल्या सूडकथेचा साचा त्यात बिनचूक बसतो. दुसरा सूर इच्छापूर्तीचा. आर्ची-परशा वाचले असते तर, शेजारीण थोडी लवकर परतली असती तर, अशा ‘तर’वर उभी असलेली ही कथा. तिसरा सूर मात्र ‘हात लावू नका’ असे बजावणारा. जे सांगायचे होते ते सांगून झाले, आता त्याला ठिगळ नको, असे या चाहत्यांचे म्हणणे.

पहिले दोन सूर परस्परविरोधी वाटले तरी त्यांच्या मुळाशी एकच भावना आहे. शेवटच्या दृश्यातली नि:शब्द शांतता प्रेक्षकाला सोसवत नाही. तिला कोणीतरी आवाज द्यावा, मग तो सुडाचा असो की सुटकेचा, ही ती भावना. ‘झिंगाट’वर चित्रपटगृहात खुर्च्या सोडून नाचलेला प्रेक्षक बाहेर पडताना अबोल झाला होता. पुढच्या भागात त्याला खरे तर आधीचा तो नाच परत हवा आहे.

मराठीतला ताळेबंद

पुढच्या भागांचे हे वेड मराठीला नवे नाही. महेश कोठारे यांच्या १९९३च्या ‘झपाटलेला’चा दुसरा भाग वीस वर्षांनी, २०१३मध्ये, थ्रीडी रूपात आला. मधल्या काळात, २००४मध्ये, लक्ष्मीकांत बेर्डे यांचे निधन झाले होते. त्यामुळे तात्या विंचू परतला तरी ज्याच्या भेदरलेल्या चेहऱ्यामुळे तो बाहुला भीतिदायक आणि विनोदीही वाटायचा, तो नट नव्हता. सचिन पिळगावकर यांच्या २००४च्या ‘नवरा माझा नवसाचा’मधील गणपतीपुळ्याची एसटी वीस वर्षांनी, २०२४मध्ये, कोकण रेल्वेच्या रुळांवर आली. ‘दे धक्का’ २००८मध्ये एका खटारा गाडीतून निघाला होता, तो २०२२मध्ये थेट लंडनला पोहोचला. या साऱ्यांत वाहन बदलले, ठिकाण बदलले, मांडणी तीच राहिली. प्रेक्षकांची तक्रारही फारशी नव्हती, कारण त्यांना जुन्या ओळखीच्या माणसांची भेट हवी होती आणि ती मिळत होती.

रवी जाधव यांच्या ‘टाइमपास’ची गोष्ट थोडी वेगळी. २०१४मध्ये दगडू आणि प्राजक्ता यांची ताटातूट झाली, तेव्हा त्यांचे पुढे काय झाले, हा प्रेक्षकाचा प्रश्न अगदी रास्त होता. २०१५च्या दुसऱ्या भागाने दोघांना मोठे करून त्याचे उत्तर दिले. मात्र त्यासाठी प्रथमेश परब आणि केतकी माटेगावकर यांच्या जागी प्रियदर्शन जाधव आणि प्रिया बापट आले. उत्तर मिळाले, पण ते दुसऱ्याच चेहऱ्यांनी दिले, ही रुखरुख अनेक चाहत्यांच्या मनात राहिली. २०२२च्या तिसऱ्या भागात प्रथमेश परब पुन्हा दगडू होऊन आला आणि कथेला पहिल्या दोन भागांच्या मधल्या काळात मागे जावे लागले. याउलट सतीश राजवाडे यांच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’चे तिन्ही भाग, २०१०, २०१५ आणि २०१८चे, मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी यांच्यासह वयाने पुढे सरकले. अनोळखी माणसांची एका दिवसाची भेट, मग लग्न, मग मूल. प्रेक्षकही तेवढाच वाढला होता, म्हणून ही वाढ त्याला परकी वाटली नाही.

हा ताळेबंद मांडला की एक कसोटी हाती येते. पहिल्या भागाने कथेतल्या माणसाच्या आयुष्यात काही अपुरे ठेवले होते काय, हे पाहावे. ठेवले असेल तर दुसऱ्या भागाला जागा आहे. नसेल, तर अपुरेपणा तिकीटबारीचा किंवा प्रेक्षकाच्या आठवणींचा असतो.

जेऊरकराचा ‘दुसरा भाग’

या कसोटीचे सर्वांत चांगले उदाहरण मंजुळे यांच्याच नावाशी जोडलेले आहे. त्यांची निर्मिती असलेला ‘नाळ’ १६ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक होते ‘सैराट’चे छायालेखक सुधाकर रेड्डी यक्कंटी. विदर्भातल्या नदीकाठच्या गावात वाढणाऱ्या चैत्याला आपली आई जन्मदाती नाही, हे अचानक कळते आणि त्याचे सारे लहानसे जग हलते. चित्रपट संपतो तेव्हा चैत्याला एक आई नव्याने उमगलेली असते, पण दुसरी दूर निघून गेलेली असते. हा अपुरेपणा बाजाराने लादलेला नव्हता, तो त्या मुलाच्या आयुष्यातच होता.

म्हणून १० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘नाळ भाग २’ आला, तेव्हा तो ओढूनताणून आणल्यासारखा वाटला नाही. श्रीनिवास पोकळे हा बालकलाकार मधल्या पाच वर्षांत खरोखरच मोठा झाला होता. चैत्या जन्मदात्या आईच्या गावी जातो, तेथे त्याला चिमी नावाची धाकटी बहीण भेटते आणि आईविषयीचा प्रश्न भावंडांच्या नात्यापर्यंत विस्तारतो. ७१व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ‘नाळ भाग २’ सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ठरला. सर्वोत्कृष्ट बालकलाकाराच्या विभागून दिलेल्या पुरस्कारातही श्रीनिवास पोकळे, भार्गव जगताप आणि त्रिशा ठोसर ही या चित्रपटातली तिन्ही मुले होती. पहिल्या भागासाठीही श्रीनिवासला हाच पुरस्कार मिळाला होता. दुसरा भाग हा नेहमी पहिल्याची सावली असतो, या समजाला यापेक्षा नेमके उत्तर नाही.

हे पुरस्कार १ ऑगस्ट २०२५ रोजी जाहीर झाले. योगायोग असा की त्याच दिवशी हिंदीत ‘धडक २’ प्रदर्शित झाला.

नाव एकाचे, कथा दुसऱ्याची

‘सैराट’ला दुसरा भाग मिळाला नाही, पण रूपांतरे भरपूर मिळाली. २०१७मध्ये कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’ आला आणि त्यात नायिकाही रिंकू राजगुरूच होती. पंजाबी, ओडिया आणि बंगाली भाषांतही ही कथा गेली. २० जुलै २०१८ रोजी करण जोहर यांच्या संस्थेचा ‘धडक’ आला. शशांक खेतान यांच्या या चित्रपटाने कथा राजस्थानात नेली, पण जातीचा उच्चार इतका पुसट केला की दोन घरांमध्ये नेमके काय आडवे येते, हेच धूसर झाले. शेवटही बदलला. तेथे नवरा आणि मूल मारले जातात आणि नायिका जिवंत राहते. मराठी चाहते ज्या मुलाच्या भरवशावर सूडकथा रचतात, ते मूलच हिंदीत उरत नाही.

‘धडक २’ हा त्याचा पुढचा भाग मानावा, तर तसेही नाही. शाझिया इक्बाल यांचा हा चित्रपट मारी सेल्वराज यांच्या २०१८च्या ‘परियेरुम पेरुमाल’ या तमिळ चित्रपटावर बेतलेला आहे. पात्रे वेगळी, गाव वेगळे, कथा वेगळी. गंमत अशी की पहिल्या ‘धडक’ने गाळलेली जात दुसऱ्याने स्पष्ट शब्दांत परत आणली. कथानक पुढे न नेताही ‘धडक २’ हा ‘सैराट’च्या विषयाला पहिल्या ‘धडक’पेक्षा जवळचा ठरला. पुढचा भाग म्हणजे त्याच पात्रांचे पुढचे आयुष्य, ही चाहत्यांची व्याख्या किती अपुरी आहे, हे येथे दिसते.

सूड मागणाऱ्यांना सूड मिळतो तेव्हा

सूडकथेची मागणी करणाऱ्यांनी व्हिडिओ गेमच्या जगातले एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. ‘द लास्ट ऑफ अस’ हा २०१३मधला खेळ जगभर नावाजला गेला. १९ जून २०२० रोजी त्याचा दुसरा भाग आला आणि पहिल्या तीन दिवसांतच त्याच्या चाळीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. पण पहिल्या भागाचा नायक जोएल हा सुरुवातीच्या काही तासांतच मारला जातो, हे पाहून असंख्य चाहते संतापले. त्यांनी खेळाला नीचांकी गुण दिले. त्यांचा राग आणखी वाढला तो पुढच्या वळणावर. सूड घ्यायला निघालेल्या एलीकडून खेळाची सूत्रे काढून घेऊन ती थेट मारेकरणीच्या हाती दिली जातात आणि खेळाडूला तिच्या डोळ्यांनी तीच गोष्ट पाहावी लागते. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये तो वर्षातला सर्वोत्तम खेळ ठरला. चाहत्यांना सूड हवा होता. तो मिळाला, पण त्याची किंमतही दाखवली गेली आणि ती पाहण्याची तयारी अनेकांची नव्हती.

‘सैराट’मधले मूल मोठे होऊन कोयता उचलते असे दाखवले, तर निर्मात्यापुढे दोनच मार्ग उरतात. एक, टाळ्यांचा. त्यात जातीचा प्रश्न एका घराण्याच्या हाणामारीपुरता आक्रसतो आणि खलनायक मेला की प्रेक्षक हलक्या मनाने घरी जातो. दुसरा, त्या हिंसेचा खरा हिशेब मांडण्याचा. तो मांडला, तर दुसरा भाग मागणारेच बहुधा सर्वांत आधी नाराज होतील.

दुसरा भाग झालेलाच आहे

या मागणीत विसरली जाणारी गोष्ट अशी की ‘सैराट’ने आपला दुसरा भाग स्वतःच करून ठेवला आहे. नेहमीची प्रेमकथा प्रेमी पळून जातात तेथे संपते. ‘सैराट’ तेथून अर्धा चित्रपट पुढे जातो. हैदराबादची झोपडपट्टी, डोशाची गाडी, कारखान्यातली नोकरी, संशय, भांडण, समेट, मूल, हप्त्याहप्त्याने उभा राहणारा संसार. इतर चित्रपट जो पुढचा भाग कधी करत नाहीत, तो येथे मध्यंतरानंतर दाखवला आहे. आणि त्याचा शेवट आईने पाठवलेल्या भेटी घेऊन आलेल्या भावाच्या हातून होतो.

तो शेवट कल्पनेतून आलेला नाही, हे सोलापूर-नगर पट्ट्याला सांगावे लागत नाही. ‘सैराट’च्या दोन वर्षे आधी, एप्रिल २०१४मध्ये, शेजारच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील खर्डा येथे सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून एका दलित शाळकरी मुलाची हत्या झाली. नोव्हेंबर २०१७मध्ये सत्र न्यायालयाने त्या खटल्यातील आरोपींची निर्दोष मुक्तता केली. मार्च २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘शक्ती वाहिनी’ खटल्यात अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारे, जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष आणि चोवीस तासांची मदतवाहिनी उभारण्याचे निर्देश दिले. आर्ची-परशा वाचले असते तर, या चाहत्यांच्या ‘तर’चे वास्तवातले उत्तर पटकथेपेक्षा या निर्देशांच्या अंमलबजावणीत अधिक आहे.

मार्च २०२५मध्ये ‘सैराट’ पुन्हा चित्रपटगृहांत आला. तेव्हा शाळेत असलेली आणि आता लग्नाच्या वयाला आलेली पिढीही तो पडद्यावर पाहू शकली. दुसऱ्या भागाची मागणी करणाऱ्या चाहत्यांच्या प्रेमाचा मान राखूनही म्हणावे लागेल की या चित्रपटाचे काही देणे बाकी नाही. पात्रांचे आयुष्य अपुरे राहिले, ते कथाकाराने काही हातचे राखले म्हणून नव्हे, तर ते तोडले गेले म्हणून. त्या लाल पावलांच्या पुढे काय, हे सांगण्याची जबाबदारी दिग्दर्शकाने चित्रपटगृहाबाहेर पडणाऱ्यांवर सोपवली होती. ती पुन्हा त्याच्याच गळ्यात घालणे म्हणजे ‘सैराट’ आवडला, पण तो ऐकून घ्यायचा राहिला, अशी कबुली देणेच होय.